जुन्या यंत्राचं मागचं दार

तुम्ही हा लेख फोनवर वाचत असाल, तर त्या फोनमधल्या निदान दोन गोष्टी जुन्या कॉम्प्युटरच्या अ‍ॅड-ऑनमुळे तुमच्यापर्यंत आल्या आहेत. एक म्हणजे फोनचा प्रोसेसर. दुसरी म्हणजे समोर दिसणारी ही देवनागरी अक्षरं. दोन्हींची हकीकत पुढे येईलच. त्याआधी एक प्रश्न मांडतो, कारण गेले काही महिने मी त्याच्यापाशीच घुटमळतोय. जुन्या यंत्राला नवी जोड लावताना आपण त्याचं, किंवा ते बनवणाऱ्याचं, काही देणं लागतो का?

प्रश्न ऐकायला जरा खुळचट वाटतो. यंत्राला काय कळतंय? मिक्सरचं भांडं बदलताना कुणी नीतीचा विचार करत बसत नाही. मीही बसलो नसतो, पण माझ्या टेबलावर जे यंत्र आहे त्यानं तो विचार करायला लावला.

हे यंत्र म्हणजे डीबी स्पेक्ट्रम प्लस. माझ्या मामांनी धुळ्यात १९८९ साली घेतलेला कॉम्प्युटर. मामा तेव्हा घराच्या पुढच्या खोलीत मुलांना बेसिक शिकवायचे. आता ते सत्तरीकडे झुकलेत, हात थोडे थरथरतात. यंत्र माळ्यावर धूळ खात होतं, ते मी जळगावला घेऊन आलो.

थोडी वंशावळ सांगतो. इंग्लंडच्या सिंक्लेअर कंपनीनं एप्रिल १९८२ मध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती कॉम्प्युटर बाजारात आणला. त्याच्यात झेड-८० प्रोसेसर आणि जास्तीत जास्त ४८ केबी मेमरी. व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळी येणारं ‘शुभ सकाळ’चं चित्रही बहुतेक वेळा त्याहून जड असतं. १९८४ मध्ये बऱ्या की-बोर्डचा स्पेक्ट्रम प्लस आला. भारतात पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं १९८६ पासून तो ‘डीबी स्पेक्ट्रम’ या नावानं विकला आणि परवाना घेऊन इथेच बनवायला सुरुवात केली.

हा कॉम्प्युटर एकटा कधीच पूर्ण नव्हता. त्याला पडदा नव्हता, घरातला टीव्ही लागायचा. साठवणीची सोय नव्हती, घरातला टेपरेकॉर्डर लागायचा. प्रोग्राम कॅसेटवर किंचाळ्यांच्या रूपात असायचा आणि पूर्ण ४८ केबी भरायला चार-पाच मिनिटं जायची. मामा सांगतात, रविवारी सकाळी महाभारत संपेपर्यंत कॉम्प्युटरला सुट्टी असायची, कारण टीव्ही एकच होता.

आता माझ्या वहीतल्या कल्पना. पहिली विजेची. या यंत्रात ७८०५ नावाचा एक रेग्युलेटर असतो. तो नऊ व्होल्टांतून पाच व्होल्ट काढतो आणि उरलेली वीज उष्णता म्हणून फेकून देतो. इंग्लंडच्या थंडीत ते खपून जात असेल. जळगावात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा यंत्राचा तो कोपरा तव्यासारखा तापतो. त्याच तीन भोकांत बसणारा, जवळजवळ न तापणारा छोटा कन्व्हर्टर आता मिळतो. दुसरी कल्पना चित्राची. अँटेनाच्या तारेऐवजी नव्या टीव्हीला सरळ व्हिडिओ सिग्नल द्यायचा. तिसरी, मागे एसडी कार्ड लावायचं, म्हणजे चार मिनिटांचं काम काही सेकंदांत होतं. चौथी, कॅसेटऐवजी फोन वापरायचा. यंत्राच्या ‘इअर’ लिहिलेल्या भोकात फोनच्या हेडफोनची वायर घालून त्या किंचाळ्या वाजवल्या की प्रोग्राम भरला जातो. आवाज मात्र मोठा हवा. पाचवी, काही शे रुपयांचं वाय-फाय मॉड्यूल लावून यंत्राला इंटरनेटवर न्यायचं. आणि सहावी, माझी लाडकी: देवनागरीचा बोर्ड.

यादी मित्राला दाखवली. तो म्हणाला, एवढा उपद्व्याप कशाला? आतला बोर्ड काढून टाक, रास्पबेरी पाय बसव, की-बोर्ड त्याला जोड, एचडीएमआयसाठी मागे भोक पाड. एका दुपारचं काम. आत स्पेक्ट्रमची हुबेहूब नक्कल चालेल, शिवाय युट्यूबही दिसेल.

मी हे मामांना फोनवर सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग अहिराणीत म्हणाले, “तुले मशीन पायजे का मशीननं नाव?”

हा प्रश्न ऐकायला सोपा आहे, सोडवायला नाही. कारण मशीन म्हणजे नक्की काय? पाली भाषेतल्या मिलिंदप्रश्न या ग्रंथात नागसेन नावाचे भिक्खू राजा मिलिंदाला त्याच्या रथाबद्दल असंच पेचात पकडतात. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे? राजा प्रत्येकाला नाही म्हणत जातो, आणि शेवटी त्याला मान्य करावं लागतं की रथ हे या सगळ्यांच्या जुळणीला दिलेलं सोयीचं नाव आहे. तसं पाहिलं तर स्पेक्ट्रम प्लससुद्धा मूळ स्पेक्ट्रमच आहे, फक्त नव्या कवचातला. सिंक्लेअर कंपनी जुन्या ग्राहकांना नुसतं कवच आणि की-बोर्ड विकायची. लोक घरी स्क्रू काढून आतला बोर्ड इकडून तिकडे हलवायचे. म्हणजे आपण ज्याला ‘अस्सल’ म्हणून जपायचं म्हणतो, ते मुळातच एक कलम आहे.

म्हणून ‘हातही लावू नका’ म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. हात न लावलेलं यंत्रही मरतंच. कपॅसिटर सुकतात, की-बोर्डखालची प्लॅस्टिकची पट्टी आपल्याकडच्या उन्हाळ्यात ठिसूळ होऊन तडकते, कॅसेटवरचा थर झडतो. पण मित्राशीही जमत नाही. त्याच्या योजनेत कवच उरतं, काम दुसराच करतो. मधली वाट शोधायची तर ‘हे यंत्र कोण?’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘जोडीनं कसं वागावं?’ असं विचारावं लागतं. याचं सर्वांत चांगलं उत्तर मला सिंक्लेअरच्याच १९८३ सालच्या एका जोडीत सापडलं.

स्पेक्ट्रमच्या पाठीला एक उघडी फट आहे. आत पाहिलं तर बोर्डाचीच कड दिसते, तिच्यावर दोन्ही बाजूंनी तांब्याच्या पट्ट्या. प्रोसेसरच्या सोळा अ‍ॅड्रेस लाइन, आठ डेटा लाइन, बरंचसं जसंच्या तसं तिथे बाहेर आणून ठेवलंय. कुलूप नाही, परवानगी नाही, कंपनीची सही नाही. वीज बंद करून जोड लावायची, एवढंच पथ्य. त्यातली एक पट्टी तर अशी आहे की तिच्यावर बाहेरून व्होल्टेज दिलं की यंत्राचा आतला रॉम गप्प बसतो आणि बाहेरचा रॉम बोलू लागतो. पाहुण्यावर एवढा विश्वास आजचं कुठलं यंत्र टाकतं?

आता या विश्वासाचं काय करायचं, ते पाहुण्यावर असतं. १९८३ मध्ये आलेली इंटरफेस वन नावाची जोड दोन गोष्टी करायची. तिच्यात स्वतःचा रॉम होता, पण तो सतत बोलत नसे. यंत्राला एखादी आज्ञा कळली नाही की त्याचा प्रोसेसर चूक सांगण्याच्या ठरलेल्या पत्त्यावर जातो. इंटरफेस वन त्या पत्त्यावर लक्ष ठेवून असायची. यंत्र तिथे पोचलं, म्हणजे थोडक्यात ‘हे मला येत नाही’ म्हणालं, की त्या क्षणी ती पुढे व्हायची, आपल्याला येतं का पाहायची, काम करायची आणि पुन्हा मागे सरायची. दुसरी गोष्ट: तिच्या पाठीला तशीच फट होती. तिच्यानंतर आणखी कुणी यावं म्हणून वाट मोकळी ठेवलेली.

त्याच वर्षी त्याच कंपनीनं इंटरफेस टू आणली. कार्ट्रिज आणि जॉयस्टिकसाठी ती सोयीची होती, पण तिच्या मागच्या बाजूला फक्त प्रिंटर लावता यायचा. बाकीच्या वाटा तिथेच संपत. दोन्ही जोडी कायदेशीर, दोन्ही उपयोगी. पण एकीनं मिळालेला विश्वास पुढे दिला, दुसरीनं स्वतःपाशी थांबवला. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला या फरकात दिसतं. जुन्यानं थांबून मागितल्याशिवाय बोलायचं नाही, आणि आपल्या मागे दार उघडं ठेवायचं.

हे नुसतं सौजन्य वाटत असेल, तर आता फोनची हकीकत ऐका. १९८१ साली इंग्लंडच्या एकॉर्न कंपनीनं बीबीसी मायक्रो बनवला. भारत सरकारनं १९८४ मध्ये शाळांसाठी क्लास नावाचा प्रकल्प सुरू केला, तेव्हा त्यातही हाच कॉम्प्युटर होता. त्याच्या पोटाखाली ‘ट्यूब’ नावाचं एक दार होतं. दुसरा प्रोसेसर लावायचा झाला तर इथे लावा, असं. कुठला प्रोसेसर ते ठरवलेलं नव्हतं. चार वर्षांनी, एप्रिल १९८५ मध्ये, सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी आखलेली एआरएमची पहिली चिप तयार होऊन आली, ती बीबीसी मायक्रोला जोडूनच चालवली गेली. मायक्रो की-बोर्ड आणि पडदा सांभाळत होता, नवा पाहुणा आकडेमोड करत होता. आज जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनच्या पोटात याच एआरएमचा वंश आहे. दार उघडं ठेवणाऱ्याला आत कोण येणार हे ठाऊक नव्हतं, आणि म्हणूनच ते उघडं ठेवण्याला अर्थ होता.

आजचे हौशी लोक बीबीसी मायक्रोच्या त्याच ट्यूबला रास्पबेरी पाय लावतात. तोही एआरएमवालाच, म्हणजे पणतू पणजोबांच्या ओट्यावर आला म्हणायचा. मित्राला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, मग माझ्या योजनेत काय वाईट? पाय तोच आहे हे खरं. पण ट्यूबवर तो बसतो तेव्हा यजमान मायक्रोच राहतो. पाहुणा काढला तर घर तसंच उभं असतं. मित्राच्या योजनेत पाहुण्यानं यजमानाला बाहेर काढून त्याचे कपडे घातलेत.

दुसरी हकीकत आपल्या घरची आहे. ऐंशीच्या दशकात सरकारी कचेऱ्यांत पीसी आले ते इंग्रजी शिकून. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं भारतीय लिपींचं काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं आणि तिथून जिस्ट कार्ड देशभर पोचलं. हे पीसीच्या आत खोचायचं कार्ड. जुने इंग्रजी प्रोग्राम होते तसेच चालायचे, पडद्यावर मात्र देवनागरी, गुजराती, तमिळ उमटायची. या कामाच्या सोबतीनं भारतीय लिपींचं एक सामाईक कोष्टक तयार झालं, इस्की. ते भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झालं आणि जगभरच्या युनिकोडनं देवनागरीची मांडणी त्याच्याच १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली. कार्ड कधीच भंगारात गेलं. पण ‘क’नंतर ‘ख’ कुठे बसायचा, हा तिथला हिशोब तुमच्या फोनमध्ये अजून चालू आहे. कोष्टक गुपित ठेवलं असतं तर कार्डाबरोबर तेही गेलं असतं.

जोड काढता आली पाहिजे, ही अट मला धुळ्याकडून मिळाली. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या शेवटच्या दिवशी धुळ्यातच वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे उभं राहिलं. गावोगावच्या वाड्यांतून कागद गोळा करून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड काढणारा हा माणूस. जुने कागद जपणाऱ्यांच्या शास्त्रात एक धडा महागात शिकलेला आहे. एके काळी जगभरच्या दप्तरखान्यांत फाटके कागद पारदर्शक प्लॅस्टिकच्या पापुद्र्यात कायमचे बंद केले जात. तेव्हा तो आधुनिक उपाय होता. पुढे तो पापुद्राच पिवळा पडू लागला आणि कागदाला इजा न करता काढता येईना. आता शक्यतो पातळ तंतुमय कागद आणि पिठाची खळ वापरतात. पाणी लावलं की सुटते. यामागचा विचार मला फार आवडतो. आपल्यानंतर आपल्याहून शहाणं कुणीतरी येईल, हे त्यात आधीच मान्य केलेलं असतं. कवचाला पाडलेलं एचडीएमआयचं भोक हे मान्य करत नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. हे सगळे पोट भरलेल्यांचे चोचले नाहीत का? ज्या मुलाला शिकायला धड लॅपटॉप नाही, त्याला चाळीस वर्षांपूर्वीच्या डब्याच्या नीतिशास्त्राचं काय? आक्षेप मला मान्य आहे, पण त्याचं एक उत्तर जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये फिरताना मिळतं. तिथे मोबाईल दुरुस्त करणारी पोरं मायक्रोस्कोपखाली, गरम हवेच्या गननं, तांदळाच्या कणीएवढे भाग फोनवरून उचलतात आणि नवे बसवतात. त्या हातांना स्पेक्ट्रमचं सोल्डरिंग म्हणजे सुट्टीचा दिवस. पण हात इतके तयार असूनही त्यांना त्या फोनला नवीन काही जोडता येत नाही. बिघडलेलं पूर्ववत करणं, इथपर्यंतच त्यांना वाव आहे. चार्जिंगच्या एकुलत्या भोकातून जे आत येतं तेही बनवणाऱ्यानं ठरवलेल्या नियमांनीच. स्पेक्ट्रमच्या सोळा केबी रॉममधली प्रत्येक सूचना उलगडून सांगणारं पुस्तक १९८३ मध्येच छापलं गेलं होतं. बटण दाबल्यापासून अक्षर उमटेपर्यंत काय घडतं, हे एका माणसाच्या डोक्यात पूर्ण मावतं. असं यंत्र जपणं ही श्रीमंती आठवण नाही; आपणही जोडू शकतो, हे आजमावायची ती स्वस्तात स्वस्त जागा आहे.

तर यादीचं काय झालं? रेग्युलेटर बदलला, जुना पुडीत घालून कवचाच्या आत चिकटवून ठेवलाय, पुढच्यासाठी चिठ्ठीसह. व्हिडिओची तार अशी लावली की उद्या काढता येईल. फोनची कॅसेट तर नुसतीच वायर. वाय-फाय मी खोडलं. त्यात पान आणणं, उलगडणं, गाळणं हे सगळं काम मॉड्यूल करणार आणि स्पेक्ट्रम फक्त तयार ओळी दाखवणार. त्याच्या वाट्याला बाहुलीपण येत होतं. तुम्हाला वेगळं वाटू शकतं. एसडी कार्डावर माझं आणि मामांचं एकमत अजून झालेलं नाही. मला चार मिनिटं वाचवायची आहेत. ते म्हणतात, त्या चार मिनिटांत पोरं प्रश्न विचारायची.

मामा मागच्या महिन्यात आले होते. यंत्रावर एक ओळ टाइप करायला त्यांना बराच वेळ लागला. स्पेक्ट्रमवर ‘पी’ दाबलं की ‘प्रिंट’ हा अख्खा शब्द उमटतो, तरीही. माझा हात दोनदा पुढे गेला. आपण सगळे हे रोज करतो. आईच्या हातातून फोन काढून घेतो, ‘दे, मी करतो’ म्हणतो, पेमेंट करून देतो, फोन परत देतो. काम झटक्यात होतं. आई मात्र पुढच्या वेळी फोन स्वतःहूनच आपल्याकडे सरकवते. तिच्या आतला रॉम आपण गप्प केलेला असतो, आणि तेही ती अडली नसताना. मी हात मागे घेतला. तिसऱ्या ओळीवर मामा थांबले आणि माझ्याकडे पाहिलं, तेव्हा अवतरण चिन्ह कुठल्या बटणावर आहे ते सांगितलं.

आता राहिला देवनागरीचा बोर्ड. स्पेक्ट्रमचं प्रत्येक अक्षर आठ बाय आठ ठिपक्यांत बसतं. चौकटीच्या वहीत ‘की’ काढून पाहा: एक ओळ शिरोरेषेला गेली, वेलांटीला वर दोन हव्यात, ‘कू’च्या उकाराला खाली दोन. अक्षराच्या वाट्याला तीनच उरतात. म्हणून मी एकावर एक दोन चौकटी घेतल्या. पडद्यावर चोवीसऐवजी बाराच ओळी मावतील, चालेल. अक्षरं बोर्डाच्या रॉममध्ये राहतील आणि तो रॉम इंटरफेस वनसारखाच वागेल. इंग्रजी आज्ञा यंत्राची यंत्रच पाहील. न कळणारी आली की मगच बोर्ड पुढे होईल. पहिला शब्द अहिराणी असेल, एवढं मामांनी ठरवून टाकलंय.

आराखड्यात बोर्डाच्या मागच्या कडेला मी तांब्याच्या पट्ट्या पुन्हा काढल्यात, जशा यंत्राच्या पाठीला आहेत तशाच, त्याच क्रमानं. त्यामुळे बोर्ड थोडा लांब होतो आणि थोडा महाग. तिथे लावण्याजोगं माझ्याकडे आज काहीच नाही.